मुलींच्या शिबिरात सेवेचे दिवस हवेत की नकोत?

मार्था_इंदूर

सगळ्यांना सलाम.

आमच्या चर्च-मंडळीचं मुलींचं उन्हाळी शिबिर मे महिन्यात इंदूरजवळ महूला असतं. आठवीपासून कॉलेजच्या पहिल्या वर्षापर्यंतच्या मुली येतात, बहुतेक इंदूरच्या, काही देवास-उज्जैनकडच्या. घरी मराठी, शाळेत हिंदी, आणि हातात आजीचं मराठी बायबल. सकाळी शास्त्राभ्यास, दुपारी गाणी नि खेळ, रात्री शेकोटी आणि साक्षी, म्हणजे देवाचा आपल्याला आलेला अनुभव सगळ्यांसमोर सांगणं. गेली काही वर्षं आम्ही त्यात सेवेचे दिवसही ठेवतो. मुलींना इंदूरला आणतो. अर्ध्या जणी एम. वाय. हॉस्पिटलच्या ओपीडीत मदतीला, अर्ध्या एका वृद्धाश्रमात.

यंदा कमिटीत सूचना आली की हे दिवस काढून टाकावेत. ऊन फार, जबाबदारी मोठी. आणि मुख्य म्हणजे शिबिर विश्वासासाठी आहे, सेवा काय वर्षभर करता येते. सूचना करणारी माणसं मला वडिलांच्या ठिकाणी आहेत, त्यामुळे उत्तर विचार करून द्यायचंय.

माझं मत मात्र लपवत नाही. शेकोटीपाशी सगळ्याच मुली रडतात, आणि ते रडणं खरंही असतं. पण ज्या मुलींचा विश्वास पुढे टिकलेला मी पाहिला, त्यांतल्या कितीतरी जणींचा तो ओपीडीच्या रांगेत सुरू झाला. झाबुआहून आलेल्या बाईचा पर्चा वाचून तिला एक्स-रेच्या खिडकीपर्यंत पोचवून आलेली मुलगी रात्री प्रार्थना करते ना, तेव्हा त्या प्रार्थनेत माणसांची नावं येतात. आदल्या रात्री ती नसतात.

तुम्ही चर्चच्या, सेवा दलाच्या, एनएसएसच्या, कुठल्याही शिबिराला गेला असाल तर सांगा. तुमच्यात नेमकं काय बदललं, आणि कशामुळे?

पोहे_जलेबी

ताई, मी चर्चवाला नाही, पण महूच्या शिबिरात सकाळी पोहे नसतील तर कुणाचाच विश्वास टिकायचा नाही. आधी ते पक्कं करा. बाकी धागा वाचतोय.

वसईची_लेक

मी कॅथलिक, माहेर वसई, लग्न होऊन इंदूरला आले. इंदूरच्या मुलींना विश्वास आणि सेवा शिकवायची म्हटलं तर उदाहरण शोधायला लांब जावंच लागत नाही. सिस्टर राणी मारिया, कॅथलिक नन. केरळात १९५४ साली जन्म. देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात त्या भूमिहीन आदिवासींमध्ये काम करायच्या. सावकाराच्या तावडीतून लोकांना सोडवणं, बचत शिकवणं, सरकारी योजनांचे कागद समजावून सांगणं. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये, भर प्रवाशांसमोर त्यांना भोसकून मारलं. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरलाच त्यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्याचा विधी झाला.

पण मुलींना मी याच्या पुढची गोष्ट सांगते. त्यांची धाकटी बहीण, तीही सिस्टर, तुरुंगात गेली आणि मारेकऱ्याला राखी बांधून आली. तो सुटल्यावर त्यांच्या आईनंही त्याला घरी जवळ केलं. आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलीनं विचारलं होतं, "सिस्टर, असं करायला किती विश्वास लागत असेल?" शिकवणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, "सुरुवात कागद भरून देण्यापासून झाली होती."

त्यामुळे मार्थाताई, पर्चा वाचून दाखवणं लहान समजू नका. माझं मत सेवेच्या दिवसांना.

पाळकांचा_मुलगा

मी कमिटीच्या बाजूनं बोलणार आहे, राग मानू नका.

नगरकडचा आहे, वडील पाळक, म्हणजे चर्चचे पाद्री. लहानपणापासून शिबिरं पाहिली. सेवेचा दिवस म्हटला की काय व्हायचं? बस यायची, सगळ्यांना सारख्या टोप्या, हातात केळी नि बिस्किटं. पलंगापलंगापाशी फोटो. दुपारपर्यंत परत. ज्या म्हातारीला केळं दिलं तिचं नाव कुणालाच ठाऊक नसायचं. मुलं मात्र साक्षीत सांगायची, "आज मला सेवेचा आनंद मिळाला." मला ते तेव्हाही खटकायचं.

दुसरं. विश्वास ऐकण्यानं होतो असं बायबलात पौल रोमकरांस लिहितो. आजच्या मुलीला वर्षभरात शांत बसून ऐकायला वेळ कधी मिळतो? शाळा, कोचिंग, मोबाइल, पाहुणे. शिबिर हीच तिची एक जागा. बेथानीच्या घरात दोघी बहिणींतली मरीया येशूच्या पायाशी बसली होती नि मार्था कामानं त्रासली होती, तेव्हा प्रभूनं कुणाची बाजू घेतली? (टोपणनावाबद्दल काही म्हणत नाही!)

मार्था_इंदूर

टोपणनाव आजीच्या नावावरून घेतलंय, आणि ती बसायचीही भरपूर. फोटोंचं तुम्ही म्हणता ते अगदी खरं. आमच्याकडे हॉस्पिटलात मोबाइल न्यायचाच नाही असा नियम आहे. बाकी मुद्द्यावर विचार करते.

तर्ककर्कश

मी देव मानत नाही. तरी एक विचारतो. सेवा केल्यानं विश्वास वाढतो म्हणून सेवा करायची, म्हणजे तो रुग्ण तुमच्या मुलींच्या आत्मिक प्रगतीचं साधन झाला ना? त्याला हे आवडेल का?

निवृत्त_सिस्टर

तर्ककर्कश, प्रश्न चांगला आहे. उत्तर मी देते, कारण सरकारी हॉस्पिटलात नर्सची नोकरी करून निवृत्त झाले. रुग्णाला तुमचा हेतू काय याच्याशी देणंघेणं नसतं. झाबुआ, धार, खरगोनकडून माणूस रात्रीच्या बसनं येतो. पर्ची कुठे काढायची, तपासणीला रक्त कुठे द्यायचं, रिपोर्ट कुठल्या खिडकीला मिळतो, काही ठाऊक नसतं. वाचता येत नाही, भाषा भिली किंवा निमाडी, समोरचा बोलतो भराभर हिंदी. दुपारपर्यंत चुकीच्या रांगेत उभा राहतो, आणि खिडकी बंद होते. त्याला त्या वेळी वाचता येणारं एक माणूस हवं असतं. ते मिळालं तर त्याचा दिवस वाचतो, कधी कधी परत जायचं भाडंही वाचतं.

आता शिबिरवाल्यांना. मुलींना वॉर्डात पाठवू नका. ओपीडी आणि नातेवाईक बसतात ती आवारातली जागा, एवढंच. अधीक्षकांची लेखी परवानगी आधी घ्या. जोडीनं पाठवा, एकटीला नाही. कुणाला खायला देऊ नका. रुग्णाला काय चालतं ते तुम्हाला माहीत नसतं. तोंडाला मास्क, आल्यावर हात कोपरापर्यंत धुणं. आणि औषधाबद्दल एक शब्दही सांगायचा नाही.

शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. शिबिराचा उत्साह आठ दिवस पुरतो. पाळकांचा_मुलगा म्हणतात तशी बस एकदा येऊन गेली तर कर्मचाऱ्यांचा वेळ जातो, बाकी काही होत नाही. दर महिन्याला त्याच दोन मुली आल्या तर गार्डसुद्धा त्यांना ओळखायला लागतो नि काम होतं.

सुदामानगरची_सून

मी ख्रिस्ती नाही, कॉलेजात असताना सेवा दलाच्या शिबिरांना जायचे. सगळे चांगलं बोलताय, पण एक गोष्ट कुणी विचारत नाहीये. मुलांचंही शिबिर असतं ना तुमच्या मंडळीत? त्यात सेवेचे दिवस असतात का?

मार्था_इंदूर

असतं, ऑक्टोबरमध्ये. सेवेचे दिवस नसतात. अभ्यास, ट्रेकला पातालपाणी किंवा जानापाव, आणि क्रिकेट.

सुदामानगरची_सून

बघा. म्हणजे मुलींना सेवा आणि मुलांना क्रिकेट. आमच्या घराघरांत हेच चाललंय. पाहुणे आले की पाणी कोण आणतं? आजारी आजोबांचं अंथरूण कोण बदलतं? ज्या मुली वर्षभर घरात हेच करतात, त्यांना सुट्टीत चार दिवस बाहेर काढलं तर तिथेही पुन्हा दुसऱ्यांचं करा, असंच सांगायचं? त्यावर धर्माची मोहोर बसली की नाही म्हणायचीही सोय उरत नाही. कमिटीची कारणं काही का असेनात, मुलींना त्या दिवसांत बसून वाचू द्या, वाद घालू द्या, झोपू द्या.

वसईची_लेक

हे मनाला लागलं.

पाळकांचा_मुलगा

आणि बेथानीची गोष्ट नेमकी हीच आहे. मरीया पायाशी बसली होती ती शिष्यांची जागा. बाईनं स्वयंपाकघर सोडून तिथे बसणं त्या काळात सोपं नव्हतं, आणि प्रभूनं तिला तिथून उठवू दिलं नाही.

शेवटच्या_बाकावरची

मी या शिबिराला गेलेली आहे, म्हणून बोलते. आता कॉलेजात आहे.

काकू, घरी मी भांडी घासते, कारण भाऊ घासत नाही. त्यात मला सेवा वगैरे काही वाटत नाही, राग येतो. पण वृद्धाश्रमातलं तसं नव्हतं. आमचा गट गाणी म्हणत होता. एक आजी कोपऱ्यात होत्या, त्यांना ऐकू येत नव्हतं, त्यामुळे गाण्यांचा त्यांना काही उपयोगच नव्हता. मला कुणी जा म्हणालं नाही, मीच गेले. केसांना तेल लावून वेणी घातली. त्यांनी ती सोडली आणि पुन्हा घाल म्हणून खूण केली. परत घातली, परत सोडली. जेवणाची घंटा होईपर्यंत आमचं हेच चाललं होतं. निघताना त्यांनी माझे दोन्ही हात धरून स्वतःच्या कपाळाला लावले, आणि मी इतकी अवघडले की हात सोडवून घ्यावेसे वाटले. येशूनं शिष्यांचे पाय धुवायला घेतल्यावर पेत्र नको का म्हणाला, ते मला तेव्हा कळलं. संडे स्कूलात ते चित्र मी रंगवलं होतं. गोष्ट पाठ होती, पण पेत्राचा संकोच ठाऊक नव्हता.

त्या रात्री मी पहिल्यांदा पाठ केलेलं काही न म्हणता प्रार्थना केली. तेव्हापासून विश्वास माझा स्वतःचा आहे, आईबाबांकडून आलेला नाही.

पण हेही सांगते. आदल्या दिवशी याच पाय धुण्याच्या गोष्टीवर, योहानाच्या तेराव्या अध्यायावर, आम्ही गटात दोन तास भांडलो होतो. ते झालं नसतं तर वेणी घालून मी घरी आले असते, बस. त्यामुळे दादांचंही बरोबर आहे. आणि काकूंचंही, कारण मला कुणी सांगितलं असतं की जा, त्या आजींची वेणी घाल, तर मी घरच्यासारखीच तोंड पाडून घातली असती.

निवृत्त_सिस्टर

बाळा, तू हॉस्पिटलात ये. मी शिकवते तुला.

गप्पिष्ट_आजोबा

थोडा इतिहास सांगतो, कारण मुलींना तो कुणी सांगत नाही. कॅनडातल्या प्रेस्बिटेरियन मंडळीतल्या बायकांनी १८७६ साली टोरोंटोत स्वतःची मिशनरी संस्था काढली. बायकांना कामावर पाठवायला पैसा त्यांनी जमवला. १८७७ ला इंदूरात मिशनचं काम सुरू झालं, त्यात पहिल्या काही जणींत शिक्षिका होत्या. १८८४ साली डॉ. एलिझाबेथ बीटी आल्या, १८८६ ला डॉ. मॅरियन ऑलिव्हर. पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा दाखवायची नाही अशी त्या वेळी बऱ्याच घरांतली रीत, त्यामुळे बाळंतपणात, तापात बायका घरातच जायच्या. या दोघी थेट माजघरात गेल्या.

मुलांसाठीचं इंदूर ख्रिश्चन कॉलेज १८८७ चं. ते सगळ्यांना माहीत असतं, इमारत उभी आहे ना! बायकांच्या दवाखान्याची गोष्ट मागे पडते.

सुदामानगरच्या सूनबाईंना एवढंच सांगायचंय की या बायका घरकामाची सवय म्हणून इथे आल्या नव्हत्या. वैद्यकीच्या परीक्षा देऊन, समुद्रापार लांबचा प्रवास करून आल्या. सेवेनं त्यांना घराबाहेर काढलं होतं.

केडगाव_लाइन

आजोबांच्या सांगण्यात भर. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात येऊन अनाथ मुली, विधवा केडगावला नेल्या. तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांना शेती, विणकाम, छापखाना सगळं शिकवलं. अंध मुलींनाही वाचायला शिकवलं. १९०५ साली तिथे जी मोठी आत्मिक जागृती झाली ती याच मुलींमध्ये. तोवर त्या नांगर धरत होत्या, खिळे जुळवत होत्या, आजाऱ्यांच्या उशाशी बसत होत्या. मग गट करून गावोगाव गेल्या. त्यांना कुणी विचारलं असेल का, आधी विश्वास की आधी सेवा?

रामबागवाला

चर्चा चांगली चाललीये, त्यात कडू प्रश्न विचारतो. मध्यप्रदेशात धर्मांतराबद्दल १९६८ पासून कायदा आहे, २०२१ साली आणखी कडक झाला. चर्चच्या मुली सरकारी हॉस्पिटलात गरीब आदिवासींपाशी जातात म्हटल्यावर लोक शंका घेणारच. मी घेतो. मोकळेपणानं सांगा, पत्रकं वाटता का? प्रार्थना करता का त्यांच्यावर?

मार्था_इंदूर

मोकळेपणानंच सांगते. शिबिराला मंडळीतल्या घरांतल्याच मुली येतात, आणि आईवडिलांचं संमतिपत्र असल्याशिवाय एकीलाही घेत नाही. हॉस्पिटलात पत्रक, पुस्तक, क्रूस असलेली टोपी, काहीही नेत नाही. प्रार्थनेबद्दल विचारणार नाही, बोलणार नाही. कुणी स्वतःहून विचारलं तुम्ही कोण, तर खरं सांगायचं. मुली प्रार्थना करतात ती रात्री महूला परत आल्यावर. हा नियम कायद्याच्या भीतीनं केलेला नाही. रांगेत अडलेल्या माणसाला तुम्ही खिडकी दाखवता तेव्हा तो तुमच्या हातात असतो. त्या वेळी त्याच्याकडून काही मागणं मला ख्रिस्ताच्या शिकवणीविरुद्ध वाटतं.

रामबागवाला

पटलं. हे लेखी असेल तर हॉस्पिटलच्या परवानगीच्या अर्जाला जोडा, तुमचंच भलं होईल. आणि श्रद्धेतून सेवा म्हटलं की आम्हा इंदूरकरांना अहिल्यादेवी आठवतात. काशीपासून रामेश्वरपर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. तुमच्या मुलींना एकदा महेश्वरलाही न्या.

तर्ककर्कश

सिस्टरांचं उत्तर वाचलं. हेतूपेक्षा खिडकी महत्त्वाची, हे मान्य.

पोहे_जलेबी

सेवा म्हणून रस्ते झाडायला का नाही नेत? ओह, इंदूर. २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिला नंबर. झाडायला कचरा आधी बाहेरून मागवावा लागेल.

गप्पिष्ट_आजोबा

महूचं जुनं कबरस्तान झाडा. पाला भरपूर, ऊन कमी, आणि शिळांवर वाचायला खूप आहे. संध्याकाळी न्या. मे महिन्यातही महूची रात्र गार असते, शबे-मालवा म्हणतात ते उगाच नाही.

सुदामानगरची_सून

आजोबा, कॅनडाच्या डॉक्टरबाईंबद्दल वाचून बरं वाटलं. माझा मुद्दा तुम्हीच पक्का केलात. त्यांनी काय करायचं ते त्यांनी ठरवलं होतं. शेवटच्या_बाकावरचीनंही स्वतः ठरवलं. म्हणजे प्रश्न सेवा हवी की नको एवढाच नाही, ठरवतं कोण हाही आहे. आणि मार्थाताई, शिबिरात स्वयंपाक कोण करतं?

मार्था_इंदूर

महिला समाजाच्या काकू. वाढणं-आवरणं मुलींच्या पाळ्या लावून.

सुदामानगरची_सून

तिथून सुरुवात करा.

पाळकांचा_मुलगा

शंभर टक्के. काकूंना शास्त्राभ्यासाला मुलींबरोबर बसवा आणि काकांना चुलीपाशी उभं करा. मुलींना सेवेबद्दल त्यातून जे कळेल ते माझ्या वडिलांच्या प्रवचनातूनही कळलं नसतं. त्या अटीवर मी बाजू बदलायला तयार आहे.

शेवटच्या_बाकावरची

अजून एक सुचवते. बायबलातली नामानाची गोष्ट (२ राजे ५) मुलींना नीट शिकवा. सेनापतीला कोड, आणि त्याच्या घरात लढाईत पकडून आणलेली एक लहान मुलगी मोलकरीण. तिचं नावसुद्धा दिलेलं नाही. शोमरोनात संदेष्टा आहे, त्याच्याकडे जा, एवढं ती बोलते, आणि त्यावरून राजे हलतात. तिचं काम हुकमाचं होतं, पण बोलली ती स्वतःच्या मनानं. आमच्या गटात यावर जेवढा वाद होईल तेवढा चांगला.

मार्था_इंदूर

काल कमिटीची बैठक झाली. हा धागा छापून नेला होता (टोपणनावं झाकून). बराच वेळ बोलणं झालं, काही वेळा आवाजही चढले. ठरलं ते असं.

सेवेचे दिवस राहणार, पण शिबिराच्या उत्तरार्धात. आधीचे दिवस पूर्ण अभ्यासाचे, त्यात योहान १३ आणि २ राजे ५ नक्की. त्यानंतर मुलींनी गटात बसून स्वतः ठरवायचं की हॉस्पिटल, वृद्धाश्रम की कबरस्तान, की आणखी काही. जिला जायचं नाही तिनं महूलाच राहून वाचावं, तिला कुणी का विचारणार नाही. हॉस्पिटलच्या गटाला आधी सिस्टरांकडून धडे. शिबिर संपल्यावर ज्या मुली तयार असतील त्यांच्या जोड्या लावून महिन्यातून एका शनिवारी ओपीडी.

ऑक्टोबरच्या मुलांच्या शिबिरातही सेवेचे दिवस येणार. यावर सगळ्यात जास्त वेळ गेला, पण झालं.

स्वयंपाक पुरुष करणार. सूचना मांडली तेव्हा शांतता पसरली. मग ज्यांनी सेवेचे दिवस काढा म्हटलं होतं तेच काका म्हणाले, "दाल-बाटी मला येते."

निवृत्त_सिस्टर, तुमच्याशी निरोपातून बोलते. येणार ना?

निवृत्त_सिस्टर

येणार. मुलींना आधी कळवा, नखं कापलेली हवीत, पायात बंद बूट. आणि भिली-निमाडीतले दहा-वीस शब्द लिहून पाठवते. दुखतं कुठे, कधीपासून, सोबत कोण आहे, एवढं विचारता आलं पाहिजे.

वसईची_लेक

आमच्या पॅरिशमधल्या दोन मुली विचारताहेत, कॅथलिक असल्या तर चालेल का? शनिवारच्या ओपीडीला तरी.

मार्था_इंदूर

चालेल म्हणजे काय, पाठवाच. आईवडिलांचं संमतिपत्र त्यांच्याकडूनही लागेल.

पोहे_जलेबी

काकांना सांगा, महूला जातानाच गोवऱ्या घेऊन ठेवा. आणि सकाळच्या पोह्यांना माणूस कमी पडला तर मी येतो. वाफवणं जमतं, जिरावण मसालाही घरचा आहे. किती जणींचे करायचे ते कळवा.